फेअरी बॅटल पी २२०४ : आल्बर्ट कालव्याचे दोन पूल, १२ मे १९४०

नकाशावाला

पी २२०४ क्रमांकाच्या ‘फेअरी बॅटल’ या ब्रिटिश बॉम्बर विमानाचा क्रू : फ्लाइंग ऑफिसर डोनाल्ड गार्लंड (वैमानिक), सार्जंट थॉमस ग्रे (ऑब्झर्व्हर, म्हणजे वाट दाखवणारा आणि बॉम्बचा नेम धरणारा), लीडिंग एअरक्राफ्ट्समन लॉरेन्स रेनल्ड्स (वायरलेस ऑपरेटर आणि गनर). [नावांची ही ओळ नंतर घातली, कारण खाली चर्चेत येईलच.]

मराठीत या घटनेबद्दल जिथे जिथे वाचायला मिळतं तिथे एकच वाक्य फिरत असतं : पाच ब्रिटिश विमानं एका पुलावर गेली, पूल पाडला, एक परत आलं, दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यातला शेवटचा तुकडा सोडला तर बाकी सगळ्यात काही ना काही गडबड आहे. म्हणून धागा काढतोय.

आधी जागा. बेल्जियमच्या पूर्व कडेला, डच मास्ट्रिख्ट शहराच्या पश्चिमेला आल्बर्ट कालवा आहे. त्यावरचे तीन पूल आणि शेजारचा एबेन-एमाएल किल्ला ही जर्मनांची १० मे १९४० च्या पहाटेची लक्ष्यं होती. ग्लायडरमधून उतरलेल्या, कॉख या जर्मन अधिकाऱ्याच्या तुकडीचे चार गट केले होते, आणि गटांची नावंच पुलांची ओळख सांगतात. फेल्डवेझेल्टच्या गटाचं नाव श्टाल, म्हणजे पोलाद. फ्रूनहोव्हेनच्या गटाचं बेटोन, म्हणजे काँक्रीट. कान्नच्या गटाचं आयझेन, म्हणजे लोखंड. किल्ल्यावरच्यांचं ग्रानिट. कान्नचा पूल बेल्जियनांनी वेळेवर उडवला. बाकीचे दोन सुरुंगांसकट शाबूत सापडले.

मास्ट्रिख्टमधले मास नदीवरचे पूल डच सैन्यानं त्याच सकाळी उडवले होते. त्यामुळे जर्मन रणगाड्यांना नदीवर तात्पुरते पूल टाकेपर्यंत थांबावं लागलं. पण पलीकडे गेल्यावर कालव्याचा अडसर उरलाच नव्हता. दोस्तांच्या हाती तो वेळ होता, १० आणि ११ मे. प्रत्यक्षात ब्रिटिश हवाईदलाच्या १२ नंबरच्या स्क्वाड्रनची बॅटल विमानं १२ तारखेला सकाळी निघाली. तोवर दोन दिवस गेले होते आणि दोन्ही पुलांभोवती विमानवेधी तोफा बसल्या होत्या.

स्क्वाड्रनचा तळ आमिफोंतेन, फ्रान्समध्ये रँसच्या उत्तरेला. तिथून पूल सरळ रेषेत साधारण १९० किमी. सगळ्याच क्रूंनी तयारी दाखवली, म्हणून ड्यूटीच्या यादीवर आधीच असलेले सहा क्रू घेतले. एक विमान नादुरुस्त निघालं, बदली दिलेलंही चाललं नाही. उडाली पाच.

फेल्डवेझेल्ट, पोलादी पूल : गार्लंड (पी २२०४), मॅकिंटॉश (एल ५४३९), मारलंड (एल ५२२७).
फ्रूनहोव्हेन, काँक्रीटचा पूल : थॉमस (पी २३३२), डेव्ही (एल ५२४१).

म्हणजे पूल दोन आणि हल्ल्याच्या पद्धतीही दोन. थॉमसनं वरून सूर मारत जायचं ठरवलं, गार्लंडनं जमिनीलगत. जाणकारांनी पुढे भर घालावी. बॉम्ब आणि फ्यूजवर (बॉम्ब फोडणारी कळ) कोणी लिहिलं तर उत्तम.

---

पाचवा_गियर

धागा आवडला. पण ‘बॅटल’ हे विमान होतं तरी काय? नाव भारदस्त आहे, पण मारल्या गेलेल्यांच्या यादीतच जास्त दिसतं.

---

रिव्हेट

@पाचवा_गियर, बॅटलचं दुखणं तिच्या जन्मतारखेत आहे. हवाई मंत्रालयाचं मागणीपत्र १९३२ सालचं, पी.२७/३२. हॉकर हार्ट या दुपंखी हलक्या बॉम्बरच्या जागी एकपंखी, एका इंजिनाचं विमान हवं, १,००० पौंड बॉम्ब घेऊन १,००० मैल जाणारं, ताशी २०० मैलांनी. त्या काळात जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत बॉम्बरच्या वजनावर मर्यादा घालायची बोलणी चालू होती, त्यामुळे ‘हलका’ बॉम्बर कागदावर शहाणपणाचा वाटत होता. मार्सेल लोबेल यांच्या आराखड्याचं पहिलं उड्डाण १० मार्च १९३६ ला झालं, १९३७ मध्ये स्क्वाड्रनना मिळायला लागलं. १९३७ मध्ये ते हार्टपेक्षा खरंच फार पुढे होतं. लढाई लागली १९४० मध्ये.

आकडे :

पंखांचा विस्तार ५४ फूट, लांबी ४२ फूट. भरलेलं वजन साधारण ४,९०० किलो. इंजिन एकच, रोल्स-रॉइस मर्लिन, १,०३० अश्वशक्ती. कमाल वेग ताशी सुमारे २५७ मैल, तोही १५,००० फुटांवर. जमिनीलगत त्याहून कमी. माणसं तीन.

आता हेच मर्लिन हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानामध्ये. हरिकेन भरून साधारण ३,००० किलो. भागाकार केला तर हरिकेनला टनामागे ३४० च्या पुढे अश्वशक्ती, बॅटलला २१०. एकच बैल, पण एका जुवाला रिकामा छकडा आणि दुसऱ्याला उसानं भरलेली गाडी.

शस्त्रं : उजव्या पंखात एक .३०३ ब्राउनिंग, वैमानिकासाठी. मागे गनरच्या हातात एक व्हिकर्स के. बस. समोरच्या जर्मन लढाऊ विमानात, मेसरश्मिट १०९-ई मध्ये, २० मिमीच्या दोन तोफा आणि वर दोन मशिनगन.

पोटाखाली काहीच नाही. मागून खालून येणाऱ्या शिकाऱ्याला गनर पाहूही शकत नाही. पेट्रोलच्या टाक्या लढाईच्या सुरुवातीला भोक आपोआप बुजवणाऱ्या नव्हत्या. मर्लिन द्रवानं थंड होणारं, रेडिएटर नाकाखाली. खालून चढलेली रायफलची गोळीही रेडिएटरला लागली तर ग्लायकॉल वाहून जातं आणि इंजिन काही मिनिटांत धरतं. जमिनीलगत जाणाऱ्या विमानाचं सर्वांत नाजूक अंग नेमकं जमिनीकडे तोंड करून होतं.

---

सायली_ल

व्हिकर्स के बद्दल जोडते. वरती बसणाऱ्या चपट्या गोल डब्यात शंभराच्या आत गोळ्या. मिनिटाला हजाराच्या आसपास वेग. म्हणजे घोडा दाबून धरला तर डबा सहा सेकंदांत रिकामा. मग तो काढा, खाली ठेवा, दुसरा उचला, खुंटीवर बसवा, आणि हे सगळं उघड्या मागच्या खोबणीत, वाऱ्याच्या झोतात, विमान आडवंतिडवं होत असताना. गनर म्हणूनच थोड्या थोड्या फैरी झाडायचे. ‘गनर होता ना मागे’ असं म्हणताना हे सहा सेकंद ध्यानात ठेवावेत.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं : ब्रिटिश हवाईदलाचा या युद्धातला पहिला हवाई विजय २० सप्टेंबर १९३९ ला बॅटलच्याच गनरच्या नावावर आहे, ८८ नंबरची स्क्वाड्रन. पण दहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, १५० नंबरच्या स्क्वाड्रनची पाच बॅटल जर्मन सीमेवर टेहळणीला गेली. चार पाडली गेली, पाचवं परत येऊन उतरताना मोडलं. दिवसाढवळ्या सोबतीशिवाय हे विमान टिकत नाही याचा पुरावा मे महिन्याच्या सात महिने आधी मिळालेला होता.

---

खारी_हवा

बॉम्ब आणि फ्यूज. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्या घटनेची किल्ली इथे आहे.

बॅटलमध्ये २५० पौंडांचे (११३ किलो) चार बॉम्ब. ते धडात नसून पंखांतल्या खणांत, प्रत्येक बाजूला दोन. खणातले बॉम्ब हायड्रॉलिक जॅकवर अडकवलेले असत आणि सूर मारून टाकायचे असतील तर ते पंखाखाली उतरवता येत. पाच विमानं म्हणजे वीस बॉम्ब, एकूण ५,००० पौंड, सव्वादोन टनांच्या किंचित वर. दोन पक्क्या पुलांसाठी ही सगळी शिदोरी.

त्यात हा ब्रिटिश जनरल पर्पज बॉम्ब. जाड पोलादी कवच, आत स्फोटक एकूण वजनाच्या चौथ्या हिश्शाच्या जरा वर. म्हणजे एका बॉम्बमध्ये प्रत्यक्ष दारू तीसेक किलो. रस्त्यावरच्या ट्रकांच्या रांगेला हे पुरेसं. पोलादी कैचीच्या पुलाला नेमक्या सांध्यावर बसलं तरच काही होणार. काँक्रीटच्या पुलाचा वरचा थर फोडून खड्डा पडेल, फळ्या टाकून दुपारपर्यंत वाहतूक सुरू.

आता उंची. त्या दिवसांत बॅटलची रूढ रीत २५० फुटांवरून हल्ला करायची होती, ११ सेकंद उशिरा फुटणारा फ्यूज लावून. उशीर का? तत्काळ फुटला तर टाकणारं विमान स्वतःच्याच स्फोटात सापडेल.

हिशोब करू. वेग ताशी २४० मैल धरला तर सेकंदाला १०७ मीटर. २५० फूट म्हणजे ७६ मीटर. बॉम्ब खाली पोचायला जवळपास ४ सेकंद, तेवढ्यात तो पुढे ४२० मीटर जातो. आदळतो तेव्हा खालचा वेग सेकंदाला ३९ मीटर, पुढचा १०७. कोन जमिनीशी फक्त २० अंश! (हवेचा अडथळा सोडून दिलाय.) अशा कोनात आलेला बॉम्ब कठीण पृष्ठभागावर रुतत नाही, घसरतो किंवा उसळतो. आणि त्याच्याजवळ ११ सेकंद आहेत. तळ्यात भाकरी खेळताना चपटा दगड जसा जातो तसा तो पुलावरून निघून पलीकडच्या शेतात फुटू शकतो.

नेम : पुलाची रुंदी १० मीटर धरा. कालव्याच्या बाजूनं, पुलाला आडवं आलात तर बटण दाबण्यात सेकंदाचा दहावा हिस्सा चुकला की बॉम्ब अलीकडे किंवा पलीकडे पाण्यात. रस्त्याच्या रेषेत आलात तर मागेपुढे चूक चालते, पण मग तुम्ही नेमके त्या रेषेवरून येता जिथे तोफा तोंड करून बसल्यात.

आणखी एक, हे फार कमी ठिकाणी लिहिलेलं असतं. पहिल्याचा बॉम्ब सुटल्यापासून १५ सेकंदांनी फुटणार (४ + ११). मागच्या दोघांनी तेवढ्यात पुलावरून निघून जायला हवं, नाहीतर पुढच्याच्या स्फोटात सापडतील. म्हणजे तिघांनी एकामागोमाग, जवळजवळ, त्याच बाजूनं जायचं. पहिल्यावर नेम बसवलेल्या तोफवाल्याला दुसऱ्या-तिसऱ्यासाठी नळी फारशी हलवावी लागत नाही.

---

पाचवा_गियर

बापरे. मग वरून सूर मारणं बरं नव्हतं का? थॉमसची पद्धत?

---

खारी_हवा

बरं होतं, पण थोडंसंच. सूर मारताना बॉम्ब जास्त उभा पडतो, उसळत नाही, शिवाय हलक्या तोफांच्या पल्ल्यात वेळ कमी जातो. मात्र बॅटल हे काही डाइव्ह बॉम्बर नव्हे. जर्मनांच्या श्टूका या सूर मारणाऱ्या बॉम्बरसारखे वेग रोखणारे पंखाखालचे ब्रेक नाहीत. तीव्र सूर मारला की वेग वाढत जातो, नेम धरायला वेळ उरत नाही, विमान सरळ करायला उंची लागते. आणि वर असताना १०९ ना तुम्ही लांबून दिसता.

तोफांचा हिशोब : जर्मनांची २० मिमीची फ्लॅक ३०, प्रत्यक्षात मिनिटाला १२० गोळे. तोफेच्या दोन्ही बाजूंना एकेक किलोमीटर पल्ला धरला तर जमिनीलगतचं बॅटल १९ सेकंद तिच्यासमोर असतं. एका तोफेचे ३८ गोळे. अशा किती तोफा होत्या त्यानं गुणा. वर पायदळाच्या मशिनगन आणि रायफली, कारण ७६ मीटर म्हणजे पंचवीस मजली इमारतीचं छत, कोणीही मारू शकतो.

माझं मत : निवड चुकीची-बरोबर ठरवण्यात अर्थ नाही. या विमानानं, या बॉम्बनं आणि त्या सकाळी कुठलीही पद्धत तोट्यातच जात होती.

---

नकाशावाला

प्रत्यक्ष काय घडलं ते आता क्रमानं.

१ नंबरच्या स्क्वाड्रनची आठ हरिकेन, हॅलाहन यांच्या नेतृत्वाखाली, पुलांवरचं आकाश मोकळं करायला. त्यांची १०९ च्या मोठ्या जमावाशी गाठ पडली. सोबत एवढीच.

फ्रूनहोव्हेन : थॉमस आणि डेव्ही यांनी सूर मारून बॉम्ब टाकले. थॉमसचं विमान पडलं, तिघेही कैदेत. डेव्हीच्या विमानाला आग लागली, त्यानं बाकी दोघांना उडी मारायला सांगितलं. एक जण कैद झाला, दुसरा परत पोचला. डेव्हीनं स्वतः विमान आपल्या बाजूला आणून कसंबसं उतरवलं. पूल उभाच.

फेल्डवेझेल्ट : मॅकिंटॉशच्या टाकीला पुलाआधीच आग लागली. त्यानं बॉम्ब टाकून दिले आणि पेटलेलं विमान जमिनीवर घासत उतरवलं. तिघेही जिवंत, कैद. मारलंडचं विमान बॉम्ब टाकल्यावर ताब्यातून सुटलं, नाक वर करून चढलं आणि कोसळलं. मारलंड, फुटनर, पेरिन तिघेही गेले. गार्लंडचं पी २२०४ सुद्धा पुलाजवळ पडलं. गार्लंड, ग्रे, रेनल्ड्स तिघेही गेले. पुलाच्या पश्चिम टोकाला नुकसान झालं, त्याचं श्रेय सहसा गार्लंडला दिलं जातं.

बेरीज : पंधरा माणसं. सहा ठार, सात कैदेत, दोन परत.

---

जुनी_फाईल

इथे ‘एक परत आलं’ हे वाक्य कुठून आलं ते सांगतो. ११ जून १९४० च्या लंडन गॅझेटमधलं (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) व्हिक्टोरिया क्रॉसचं मानपत्र. त्यात पाच विमानांच्या तुकडीनं एका पुलावर हल्ला केला असं आहे, आणि पाचांपैकी एकच परतलं असं आहे. हे ‘परतलेलं’ विमान म्हणजे डेव्हीचं, जे दुसऱ्याच पुलावर गेलं होतं आणि उतरलं ते मोडून.

मानपत्र खोटं नव्हे. लिहिणाऱ्यासमोर जे होतं त्यावर लिहिलंय : डेव्हीचं सांगणं, आणि हरिकेनवाल्यांनी वरून पाहिलेलं, की लक्ष्य स्फोटांनी झाकलं गेलं होतं. स्फोटांनी झाकलं जाणं आणि पूल पडणं यात फरक आहे एवढंच. कैदेतले सात जण १९४५ पर्यंत काही सांगू शकत नव्हते. मानपत्र शौर्याचा दाखला म्हणून वाचावं, लढाईचा अहवाल म्हणून नव्हे.

जे कोणी असे क्रू शोधतात त्यांच्यासाठी काही सूचना, कारण दर वेळी त्याच चुका दिसतात :

विमान शोधायचं ते सीरियल क्रमांकावरून, धडावरच्या मोठ्या अक्षरांवरून नाही. पीएच ही १२ नंबरच्या स्क्वाड्रनची खूण, पी २२०४ वर त्यापुढे असलेलं के हे अक्षर विमान गेलं की नव्या विमानाला मिळायचं. पुढे याच स्क्वाड्रनच्या लँकेस्टर बॉम्बरवरही पीएच आहे. पी २२०४ मात्र एकच.

स्क्वाड्रनची रोजनिशी असते, पण फ्रान्समधून जूनमध्ये माघार घेताना कितीतरी कागद जाळले किंवा हरवले गेले आणि मे महिन्याच्या नोंदी मागाहून जुळवल्या गेल्या. म्हणून वेळांवर आंधळा भरवसा नको. जीवितहानीच्या फाइली वेगळ्या असतात, नातेवाइकांशी झालेला पत्रव्यवहार त्यात सापडतो. रोजनिशी आणि ही फाइल जुळली नाही तर फाइल आधी धरायची, कारण तिच्यात थडग्याची खातरजमा झालेली असते.

---

सायली_ल

आता रेनल्ड्स. एकाच विमानात तिघे, तिघेही गेले, क्रॉस दोघांना, गार्लंड आणि ग्रे यांना. यावर नेहमी भावनिक चर्चा होते. पण नियम काय होते ते पाहिलं तर गोष्ट जास्त बोचते.

मानपत्रात वैमानिकाचं नेतृत्व आणि ऑब्झर्व्हरचं दिशादर्शन यांचं कौतुक आहे. गनरच्या कामाचा उल्लेखच नाही. आता खाऱ्या_हवेच्या हिशोबाशी हे ताडून पाहा. २५० फुटांवर बॉम्बसाइट निरुपयोगी, नजरेनंच टाकायचे. त्यामुळे ग्रेचं खरं काम वाट दाखवण्याचंच होतं, आणि ते पुलावर पोचेपर्यंत संपलेलं होतं. त्यानंतरच्या शेवटच्या मिनिटात ज्याच्या हातात काम होतं तो गनर, मागच्या खोबणीत.

दुसरं म्हणजे त्या काळी मृत्यूनंतर दोनच गोष्टी देता येत : व्हिक्टोरिया क्रॉस किंवा खलित्यात नामोल्लेख. मधलं काही नाही. जिवंत राहिलेल्या गनरला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग मेडल देता आलं असतं, मेलेल्याला नाही. हा नियम १९७९ मध्ये बदलला.

तिसरं, हुद्दा. लीडिंग एअरक्राफ्ट्समन म्हणजे जमिनीवरच्या मेकॅनिकचाच हुद्दा. कित्येक गनर आधी जमिनीवरचं काम करायचे आणि शिवाय उडायचे. विमानात उडणाऱ्या प्रत्येकाला किमान सार्जंटचा हुद्दा द्यायचा निर्णय ब्रिटिश हवाईदलानं याच मे महिन्याच्या अखेरीस अमलात आणला. रेनल्ड्स तोवर गेलेला होता. वय २०.

गार्लंड २१ वर्षांचा, आयर्लंडमधल्या विक्लो परगण्यातला. ग्रे २५ चा (पाच दिवसांनी २६ पूर्ण झाले असते), विल्टशरमधल्या अर्चफाँट गावचा, हॉल्टनच्या शिकाऊ उमेदवारांच्या शाळेत इंजिनाचं काम शिकलेला. गार्लंडचे तिन्ही भाऊसुद्धा हवाईदलात होते आणि तिघेही याच युद्धात गेले. घरातले चारही मुलगे.

---

पाचवा_गियर

+१. रेनल्ड्सचं नाव धाग्याच्या वर घाला राव.

---

रिव्हेट

ऑब्झर्व्हरच्या जागेबद्दल एक तांत्रिक भर. बॅटलला नाकात काचेची खिडकी नाही, तिथे इंजिन. बॉम्बसाइट वापरायची तर ऑब्झर्व्हरनं मधली जागा सोडून वैमानिकाच्या खुर्चीखाली पालथं पडायचं आणि जमिनीतली सरकती झडप उघडून खाली बघायचं. समोर रेडिएटर, त्याचा गरम झोत त्या भोकातून तोंडावर. म्हणजे उंचीवरून नीट नेम धरायची सोयसुद्धा अशी. कागदावर तीन माणसांचा क्रू, पण तिघांपैकी एकाला दोन जागी असावं लागे.

---

नकाशावाला

आसपासचे आकडे एकत्र टाकतो, म्हणजे पी २२०४ सुटं दिसणार नाही.

१० मे : ३२ बॅटल गेली, १३ गेली ती गेलीच, बाकी बहुतेकांना भोकं.
११ मे : बेल्जियन हवाईदलाची ९ बॅटल याच पुलांवर, ५० किलोचे बॉम्ब घेऊन. ६ पडली. पुलाला ओरखडा. त्याच दिवशी ब्रिटिशांची ८ लक्झेंबर्गच्या बाजूला रस्त्यांवर, परतलं एक.
१२ मे पहाटे : १३९ नंबरच्या स्क्वाड्रनची ९ ब्लेनहाइम बॉम्बर विमानं मास्ट्रिख्टच्या रस्त्यावर, ७ पडली. म्हणजे दोन इंजिनं असून तीच गत. त्यानंतर गार्लंडची तुकडी.
१४ मे, सेदाँ (फ्रान्स) : ६३ बॅटल आणि ८ ब्लेनहाइम, मिळून ७१. परत न आलेली ४०.

फ्रान्समधल्या या ब्रिटिश बॉम्बर ताफ्याकडे १० मे च्या सकाळी १३५ विमानं उडण्याजोगी होती, १२ च्या रात्री ७२. सेदाँनंतर बॅटल मुख्यतः रात्री वापरायला लागले. तोटा एकदम घटला आणि नेमही.

आणि एक कडू गोष्ट : १२ मे ला पूल पडला असता तरी उशीर झालेलाच होता. पूल ओलांडून गेलेल्या रणगाड्यांची आन्नूची लढाई त्याच दिवशी पश्चिमेला सुरू झाली. जर्मनांचा मुख्य घाव तर इथे नव्हताच, तो आर्देनच्या जंगलातून सेदाँवर येत होता.

---

मुळशी_६७

बॅटलचा भारताशी काही संबंध? नाही ना?

---

जुनी_फाईल

बॅटलचा थेट संबंध नाही, ओढूनताणून जोडू नये. बॅटलनं ज्याची जागा घेतली तो हॉकर हार्ट मात्र भारतीय हवाईदलाच्या १ नंबरच्या स्क्वाड्रनकडे होता, वापिटी विमानांनंतर. खऱ्या अर्थानं सूर मारणारा बॉम्बर भारतीय स्क्वाड्रनना पुढे मिळाला : व्हल्टी व्हेंजन्स, ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रन, ब्रह्मदेशात. व्हेंजन्सला पंखांवर जाळीचे ब्रेक होते आणि पंख असे बसवलेले की नाक सरळ खाली करून उभा सूर मारता यावा. १९४० मध्ये थॉमसकडे जे नव्हतं ते हेच.

पुलाच्या बाबतीत तर ब्रह्मदेशानंच धडा पुरा केला. २७ डिसेंबर १९४४ ला बंगालमधल्या पांडवेश्वरच्या तळावरच्या अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानांनी प्यिन्मानाच्या पुलावर रेडिओनं डावीकडे-उजवीकडे वळवता येणारे एझॉन बॉम्ब वापरले. पुलाच्या रेषेत यायचं आणि फक्त बाजूची चूक पडता पडता दुरुस्त करायची. वजन प्रत्येकी १,००० पौंड, म्हणजे बॅटलचा चारही खणांतला माल एकाच बॉम्बमध्ये, आणि उंची हलक्या तोफांच्या पल्ल्याबाहेर.

स्मारकांबद्दलही घोळ असतो म्हणून : पुण्यात खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत ब्रह्मदेशात बेपत्ता झालेले वैमानिक शोधू नका. तिथे पश्चिम आणि मध्य भारतातल्या, जिथे कायमची देखभाल शक्य नव्हती अशा स्मशानांतून हलवलेली थडगी आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियात बेपत्ता झालेल्या, थडगं नसलेल्या हवाईदलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर, भारतीय हवाईदलाचीसुद्धा. युरोपच्या बाजूला बेपत्ता झालेल्यांची इंग्लंडमध्ये रनीमीडला, वीस हजारांवर नावं. गार्लंड, ग्रे, रेनल्ड्स रनीमीडवर नाहीत, कारण त्यांना थडगी आहेत. गावकऱ्यांनी आधी गुपचूप पुरलं होतं. आता बेल्जियममध्ये हेव्हरली इथे.

---

मुळशी_६७

धन्यवाद. लूव्हेनला शिकणारी आपली बरीच मुलं असतात, हेव्हरली तिथेच ना?

---

सायली_ल

हो, लूव्हेन शहराच्या दक्षिणेला साधारण ३ किमी, ब्रसेल्सपासून ३०. आणि ब्रसेल्सच्या सैन्य संग्रहालयात एक बॅटल आहे, तीही पाहून घ्यावी. दुसरी लंडनला हेंडनमध्ये, एल ५३४३. १९४० मध्ये आइसलँडमध्ये पडलेली, १९७२ मध्ये तिथून काढून आणलेली. तिसरी ओटावात, पण ती कॅनडातली प्रशिक्षणाची, मागे गनरसाठी फिरतं टरेट बसवलेली, त्यामुळे रेनल्ड्सची जागा तिच्यात दिसणार नाही. हेंडनला गेलात तर नाकाखालच्या रेडिएटरकडे खाली वाकून बघा, मग वैमानिकापासून गनरपर्यंतचा लांबलचक काचेचा बोगदा. तिघांतलं अंतर फोटोत कळत नाही.

---

नकाशावाला

शीर्षकात आधी ‘पूल’ लिहिलं होतं, ‘दोन पूल’ केलं. तिघांची नावं वर घातली. गावाच्या नावाचं मी केलेलं ‘वेल्डवेझेल्ट’ सगळीकडे ‘फेल्डवेझेल्ट’ केलंय, डच व्ही तसाच ऐकू येतो. एखादं राहून गेलं असेल तर सांगा.